गुलूतले आठवडे

निवृत्तीनंतर आम्ही दोघं उत्तर युगांडातल्या गुलूला जाऊन राहिलो. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सेवाकार्यातर्फे ज्येष्ठ जोडप्यांना अशी संधी मिळते. प्रवासाचा आणि खाण्यापिण्याचा खर्च आपला, राहायला दोन खोल्या त्यांच्या, आणि काम तिथल्या लोकांनी मागितलेलं असेल ते. ह्यांचं आयुष्य सोलापूर जिल्ह्यात हातपंपांच्या दुरुस्तीत गेलं. मी प्रसूतिगृहातली सिस्टर. वर्षभरासाठी म्हणून गेलो आणि मग मुदत वाढवून घेतली. परतल्यावर नातेवाईक, शेजारी, मंडळीतली माणसं एकच विचारतात : तिकडे रोज नेमकं करत काय होता? त्यांना सांगता सांगता जे माझं मलाच उलगडत गेलं, ते इथे लिहिते आहे.

१.

सेवेचा आठवडा बराचसा पावत्यांत, रस्त्यात आणि वाट पाहण्यात जातो. सोमवार हिशेबाचा. मागच्या आठवड्यात घेतलेले पाइप, वायसर, ग्रीस, डिझेल, मोबाइलवरून मेकॅनिकला पाठवलेले पैसे, सगळ्याची नोंद करायची, पावत्या वहीत चिकटवायच्या, प्रत्येक फोटोखाली गावाचं नाव घालायचं. मंगळवार ते गुरुवार गावं. शुक्रवारी आरोग्यकेंद्र. शनिवारी कपडे, बाजार आणि गुडघ्यांना विश्रांती. रविवारी उपासना. घरून निघताना मनात गावांचं चित्र होतं, सोमवारचं नव्हतं. पण त्या वहीबद्दल माझ्या मनात पुढे फार आदर निर्माण झाला. ज्या पैशातून वायसर येतो, तो कुणीतरी आपल्या पेन्शनीतून बाजूला काढून दानपात्रात टाकलेला असतो. आणि गुलूजवळच्या गावातल्या बाईलाही, आपल्या हापशाच्या नावानं किती आले नि किती लागले, हे विचारण्याचा पूर्ण हक्क असतो. एकमेकींना कधीही न भेटणाऱ्या या दोन बायकांना ती वही बांधून ठेवते. चोख हिशेब ही सेवाच आहे, प्रार्थनेइतकी.

२.

आपण जिथे जातो तिथे आपली माणसं आधीच पोचलेली असतात, आणि त्यांची ओळख आपल्याला वागवावी लागते. पहिल्या काही आठवड्यांत गावोगावी आम्हांला एकच प्रश्न यायचा : तुमचं दुकान कुठल्या रस्त्यावर आहे? भारतीय माणूस म्हणजे दुकानदार, हे तिथे पिढ्यांचं गणित. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली, हे आपण पुस्तकात वाचतो. गुलूतल्या म्हाताऱ्या माणसांना त्या बंद पडलेल्या दुकानांची नावं तोंडपाठ आहेत. एकानं हळहळून सांगितलं, की त्याच्या बापाला उधारीवर साखर देणारा दुकानदार एका रात्रीत गेला. दुसऱ्यानं तितक्याच शांतपणे सांगितलं, की त्याच्या बापाला त्या दुकानाच्या ओट्यावर बसू देत नसत. दोन्ही खरं असणार. आम्ही दोन्ही ऐकून घेतलं. आमचं दुकान नाही, विकायला काही आणलेलं नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी ते पटायला काळ जावा लागला, आणि तो जायलाच हवा होता.

तसं पाहिलं तर आपला देश तिथे पावलोपावली भेटतो. माणसं-सामान वाहणाऱ्या बोडाबोडा मोटारसायकली बहुतेक पुण्याच्या बजाज कंपनीच्या बॉक्सर. कोपऱ्यावर चपातीत अंड्याची पोळी गुंडाळून देणारा ठेला. पण सगळं काही आपल्याकडून तिकडे गेलेलं नाही. तिथल्या घरात जेवायला बसलं की नाचणीची घट्ट उकड समोर येते, तिला क्वोन काल म्हणतात. ती नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेतलीच, काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. सोबत मालाक्वांग नावाची आंबट पालेभाजी, अंबाडीच्याच कुळातली, शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली. पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले. ह्यांनी न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

३.

ऋण ज्याचं त्याला परत करता येत नाही. ते कुठे वळून कुठे पोचेल हे आपल्या हातात नसतं. आम्ही मिशनच्या कंपाउंडात वाढलेली माणसं. माझी पणजी अहमदनगरच्या मिशनशाळेत अक्षरं शिकली. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये त्या शहरात काम सुरू केलं नसतं, तर आमच्या घराण्यात पाटी आली असती की नाही, सांगवत नाही. मी नर्सिंग शिकले ते मिरजेला, जिथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं. तेव्हा आफ्रिकेत जाताना माझ्या मनात हेच होतं : परदेशी माणसं आमच्यासाठी घरदार सोडून आली, आता आमची पाळी.

पहिल्याच गावात ह्यांनी हापशाच्या डोक्याचं झाकण उघडलं आणि आतली साखळी बघत कितीतरी वेळ उभे राहिले. ती साखळी त्यांच्या ओळखीची होती. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या दुष्काळी भागात बोअर घेतली जाऊ लागली, तेव्हाचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका घराच्या वापरापुरते बनवलेले. अख्ख्या गावाचा भार त्यांना सोसेना, महिन्या-दोन महिन्यांत ते मोडून पडत. त्यावर जालन्याला आणि सोलापूरला मिशनच्या पाण्याच्या कामात असलेल्या लोकांनी नव्या घडणीचे पोलादी पंप बनवले : जालना पंप आणि सोलापूर पंप. दांडा एकाच आसावर फिरायचा आणि रॉड साखळीनं ओढला जायचा, त्यामुळे रॉड वाकडा न होता सरळ वरखाली व्हायचा. त्याच घडणीवरून पुढे युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी मिळून सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू हा पंप तयार केला. आपल्या गावातला हिरवा-निळा हापसा तो हाच. युगांडानं तो स्वीकारून यू टू या नावानं देशाचा प्रमाण पंप ठरवला.

म्हणजे आम्ही पोचण्याच्या कितीतरी आधी सोलापूर तिथे पोचलं होतं. त्या पंपाच्या जन्माशी जोडलेली मिशनऱ्यांची नावं जुन्या कागदांत सापडतात. पण जालन्या-सोलापूरच्या ज्या फिटरांनी कानशीनं घासून पहिले सुटे भाग बसवले असतील, त्यांची नावं कुठे नाहीत. ह्यांच्या मनात तीच माणसं होती. त्या दिवशी परतताना गाडीत एवढंच म्हणाले, 'आपली माणसं चांगलं काम करून गेली.' मला मात्र रात्रभर हाच विचार : परदेशी लोकांनी आम्हांला दिलं, असं मी जन्मभर म्हणत आले. खरं तर आमच्या दुष्काळानं, आमच्या कारागिरांनीही जगाला काही दिलं आहे. ते मला युगांडात जाऊन कळलं.

४.

पाणी लागणं ही सुरुवात असते, ते रोज येत राहणं हे काम. नवं बोअर घेतलं की उद्घाटन होतं, फलक लागतो, फोटो निघतो. तोच हापसा तीन वर्षांनी बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा बिघडलेली वस्तू अगदी साधी असते. सिलिंडरमधला रबरी वायसर झिजलेला असतो, बेअरिंग गेलेलं असतं, नाहीतर साखळीला ग्रीस नसतं. त्या भागात कित्येक ठिकाणचं भूजल किंचित आम्लधर्मी आहे. त्यात जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजतात. पाणी तांबूस येतं, चहा काळपट होतो, पांढऱ्या कपड्यांना डाग पडतात. मग बायका हापसा सोडून पुन्हा ओढ्याकडे वळतात, आणि कागदावर तो हापसा 'चालू' राहतो. तिथे स्टेनलेस स्टीलचे पाइप घालावे लागतात, ते महाग पडतात, पण एकदा घातले की बायका परत येतात. पिवळ्या वीस लिटरच्या कॅनची रांग लागली की समजायचं पाणी खरोखर चांगलं आहे. दुसऱ्या कुठल्याही तपासणीइतकाच माझा त्या रांगेवर विश्वास बसला.

ह्यांचं काम स्वतः पंप खोलण्याचं नव्हतं, आणि ते मला फार योग्य वाटलं. त्या-त्या भागाचे हातपंप मेकॅनिक असतात, जिल्ह्यात त्यांच्या संघटना असतात. मोटारसायकलला पाने बांधून ते गावोगाव फिरतात. त्यांना चांगली अवजारं हवी होती, सुटे भाग जवळच्या बाजारात वाजवी भावात मिळायला हवे होते, आणि पाइप गंजण्याआधी ओळखायची हातोटी हवी होती. त्यातलं जे जमलं ते हे करत राहिले. पंपाच्या दांड्यावर हात ठेवून आतला झटका कुठे अडतो हे ओळखणं पुस्तकातून येत नाही. हे त्या तरुण पोरांचा हात आपल्या हाताखाली ठेवून दांडा हलवत. भाषा फारशी लागत नसे.

पण सगळ्यांत जास्त मी शिकले ती आंब्याच्या झाडाखालच्या बैठकींत. प्रत्येक हापशाची एक पाणी समिती असते. घरटी थोडे शिलिंग गोळा करायचे, त्यातून दुरुस्ती. नुसते पैसे ठेवले की ते कुठेतरी वाहून जातात, म्हणून कित्येक गावांनी पाण्याचे पैसे बचत गटाच्या पेटीत घातले होते. त्या पेटीला तीन कुलपं असतात, तीन किल्ल्या तीन घरी. तिघी एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नाही. पेटीतले पैसे गटातल्याच बायकांना थोड्या व्याजानं कर्जाऊ जातात, बियाण्याला, शाळेच्या फीला, आणि वाढून परत येतात. हापसा मोडतो त्या दिवशी पैसे तयार असतात. आपल्याकडचे बचत गट मी पाहिले आहेत, पण पाण्याला असं जोडलेलं आपल्या भागात मला कधी दिसलं नव्हतं. हे आम्ही त्यांना शिकवलं नाही. तिथे जाऊन कुणीतरी शिकावं, असं ते आहे.

एका गावाची खजिनदार पस्तिशीची. वही छान, अक्षर टपोरं. एकदा रस्त्यानं जाताना तिनं मला सहज सांगितलं, की लहानपणी ती रोज संध्याकाळी याच वाटेनं गुलूत झोपायला चालत जायची. उत्तर युगांडातलं यादवी युद्ध जवळजवळ वीस वर्षं चाललं. बंडखोर रात्री गावांतून मुलं पळवून नेत, म्हणून हजारो मुलं दिवस मावळला की शहराकडे चालत निघायची आणि दुकानांच्या ओसरीत, इस्पितळाच्या आवारात झोपून सकाळी परत जायची. २००६ च्या शस्त्रसंधीनंतर लोक छावण्यांतून हळूहळू आपल्या जमिनीवर परतले. तोवर विहिरी बुजल्या होत्या, शेताच्या बांधांवर रान माजलं होतं, वाटा दाखवणारे म्हातारे गेले होते. त्या लोकांना 'देखभाल' समजावून सांगण्याची गरज मला कधी वाटली नाही. जे राहिलं ते जपायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

५.

शिकवून झालं असं कधी होत नाही. शुक्रवारचं माझं काम आरोग्यकेंद्रातल्या सिस्टरांबरोबर असायचं : जन्मल्यावर न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळासाठी पहिल्या मिनिटात काय करायचं. बाळ कोरडं करायचं, चोळायचं, अडथळा असेल तर तोंड-नाक साफ करायचं, आणि तरीही श्वास आला नाही तर मिनिट संपायच्या आत अंबू बॅगनं हवा द्यायची. हे सगळं एका बाहुलीवर शिकवतात. ती पाण्यानं भरली की खऱ्या बाळाएवढी जड लागते. ते पाणी आम्ही केंद्राच्या आवारातल्या हापशावरून आणायचो, आणि दर वेळी मला ह्यांची आठवण व्हायची.

माझी सारी नोकरी प्रसूतिगृहातच झाली, हात तयार होता. तरीही जे समोर आलं त्यानं मी नमले. बाळंतीण आपल्याबरोबर 'मामा किट' घेऊन येते. प्लास्टिकचा कपडा, हातमोजे, कापूस, ब्लेड, नाळ बांधायचा धागा, साबण. पिशवी आली नाही तर सिस्टर स्वतःच्या कपाटातून काढून देतात. रात्री दिवे नसले की मोबाइलची बॅटरी दातांत धरून त्या टाके घालतात. एका रात्रीत एकटीनं तीन बाळंतपणं करून सकाळी बाहुलीवरच्या सरावाला पहिली हजर होणारी सिस्टर मी तिथे पाहिली.

मोठं शिबिर घेऊन प्रमाणपत्रं वाटली की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण हात काही महिन्यांत विसरतो. थोडा थोडा आणि वारंवार केलेला सराव टिकतो. म्हणून आम्ही बाहुली कपाटात न ठेवता प्रसूतीच्या खोलीतच टेबलावर ठेवली. ड्यूटी बदलताना दोघींनी एकमेकींसमोर एकदा करून दाखवायचं, बस. मला या बाबतीत धीर होता तो गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्यातून बालमृत्यू कमी होतात हे १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकातून जगासमोर मांडलं. गुलूतल्या सिस्टरांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, त्या बायका अजून काम करतात का? मोठमोठ्या माणसांनी विचारला नसता असा हा प्रश्न मला फार आवडला.

६.

परक्या देशात किती राहिलो यापेक्षा, आपण निघाल्यावर तिथे कोण उभं आहे, ते महत्त्वाचं. गुलूपासून जवळच लाचोरचं सेंट मेरी रुग्णालय आहे. इटालियन डॉक्टर पिएरो कोर्ती आणि कॅनडाच्या सर्जन ल्युसिल टीसडेल १९६१ मध्ये तिथे आले आणि जन्मभर राहिले. युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करताना ल्युसिल यांना एचआयव्हीची लागण झाली. तरी त्या काम करत राहिल्या, १९९६ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या हाताखाली वाढलेले डॉ. मॅथ्यू लुक्विया यांनी २००० साली गुलूत आलेली इबोलाची साथ ओळखली, आपल्या परिचारिकांसोबत वॉर्डात उभे राहिले आणि त्याच आजारानं डिसेंबरात त्यांचा मृत्यू झाला. त्या साथीत दोनशेहून जास्त माणसं दगावली, त्यांत रुग्णालयाच्या कितीतरी परिचारिका होत्या.

आम्ही त्या आवारातल्या कबरींपाशी गेलो. कोर्ती पतिपत्नी आणि लुक्विया तिथेच विसावले आहेत. आम्हीही एक जोडपं, सेवेला आलेलं. पण त्या नावांशेजारी स्वतःचा विचार करायचं धैर्य मला झालं नाही. पाहण्यासारखं होतं ते आवारात चालू असलेलं काम. युगांडाचे डॉक्टर, युगांडाच्या सिस्टर, आणि तिथल्याच नर्सिंग शाळेत शिकणाऱ्या मुली. कोर्ती दांपत्यानं उभारलेल्या इमारती मोठ्याच आहेत, पण त्यांनी मागे ठेवलेलं खरं धन त्या मुलींच्या हातात आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

७.

इतकी वर्षं संसार करून मी ह्यांचं काम कधी पाहिलं नव्हतं. ह्यांनीही माझं नाही. सोलापुरात हे सकाळी जीपमधून बाहेर पडत, मी रात्रपाळीवरून परतत असे. दोघांची भेट डब्याच्या वेळी. गुलूत दोन खोल्या, एक गाडी, एक मच्छरदाणी. पहिले काही महिने जड गेले. एकमेकांच्या सवयी इतक्या जवळून पाहायची सवय राहिली नव्हती. रक्तदाबाच्या गोळ्या कुणी कुठे ठेवल्या इथपासून वाद होत. पण झाडाखाली बसून, एकही शब्द न तोडता, एका म्हाताऱ्याचं बोलणं दुभाष्यामार्फत तासभर ऐकणारा माझा नवरा मी तिथे पाहिला. आणि ह्यांनी एका शुक्रवारी, दारापाशी उभं राहून, मला बाहुलीवर श्वास देताना पाहिलं. रात्री म्हणाले, 'तू रोज हे करत होतीस?' त्या प्रश्नानं आमच्या आयुष्यातली फार जुनी पोकळी भरली. लोक विचारतात, या वयात परदेशी जाऊन काय मिळालं. हे मिळालं.

८.

देण्यापेक्षा घेणं कठीण आहे, आणि घेता आल्याशिवाय देण्याला अर्थ येत नाही. गावात पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. कधी तीळ, कधी भुईमूग, कधी पाय बांधलेली कोंबडी. ज्या घरात मुलांना आठवड्यातून एकदा मांस मिळतं, त्या घरची कोंबडी गाडीत ठेवताना माझा जीव तुटायचा. पण ती नाकारणं म्हणजे त्या घराला फक्त घेणारं घर ठरवणं. आम्ही घेत गेलो, आणि रविवारी शेजाऱ्यांना जेवायला बोलावू लागलो.

मला मलेरिया झाला तेव्हा ज्या केंद्रात मी शिकवायला जायची तिथल्याच सिस्टरनं मला सलाइन लावलं, रात्री दोनदा येऊन ताप पाहिला. तिच्या हाताखाली पडून राहताना आपण कुणाला शिकवायला आलो आहोत, ही भावना गळून गेली. मग माझी थोरली बहीण इकडे वारली. वाऱ्यासारखं निघालं तरी मातीला पोचता येणार नव्हतं. बातमी गावात कशी पोचली माहीत नाही. दुपारपासून बायका येऊ लागल्या. कुणी चटई आणली, कुणी सरपण. तिथे मयताच्या घरी लोक रात्र काढतात, घराला एकटं सोडत नाहीत. इथे मयत हजारो कोसांवर, तरी त्या माझ्यासोबत अंगणात रात्रभर शेकोटीपाशी बसल्या. मध्येच कुणी हलक्या आवाजात अचोली भाषेत गीत धरी, मग गप्प. खजिनदार बाई माझ्या बहिणीचं नाव पुन्हा पुन्हा विचारून घेत होती, ते नीट उच्चारता यावं म्हणून. पहाटे सगळ्यांनी मिळून तिच्या नावानं प्रार्थना केली. तेव्हापासून आपण कुणाची सेवा करतो असं बोलायला माझी जीभ कचरते.

९.

तिथे देवाबद्दल बोलायला आमची गरज नव्हती. मदतीचं काम करताना कुणाचा धर्म विचारायचा नाही, आणि मदतीच्या बदल्यात काही मागायचं नाही, हा आमच्या सेवाकार्याचा नियम आहे आणि तो अगदी बरोबर आहे. रविवारी मात्र आम्ही साध्या भाविकांसारखे मागच्या बाकावर बसायचो. उपासना तीनेक तास चालायची. ढोल, नाच, आणि मग प्रत्येकानं उठून आठवड्यात घडलेल्या चांगल्या गोष्टीबद्दल आभार मानायचे. पाऊस वेळेवर आला. शेळीला दोन पिल्लं झाली. मुलगा घरी परतला. दुःखाची एवढी मोठी झळ सोसलेली माणसं इतक्या बारीक गोष्टींची नोंद ठेवतात, याचं मला अप्रूप वाटायचं. घरी येऊन नातवंडांशी व्हिडिओवर बोलायचं. तिथे संध्याकाळ तर इकडे अडीच तास पुढे, त्यांची झोपायची वेळ. धाकटी दर रविवारी विचारायची, आजी, आज पाणी आलं का?

१०.

आता ज्यांची नोकरी संपली आहे, हातपाय धड आहेत आणि मन कुठेतरी ओढ घेतं, त्यांच्यासाठी थोडं. शिकलेल्या हातांची गरज जगात खूप आहे. सिस्टर, फिटर, लेखापाल, शिक्षक, सगळ्यांची. कुठली संस्था, कुठला धर्म, यावर माझं काही म्हणणं नाही. परदेशीच जायला हवं असंही नाही. आपल्या तालुक्यातही बंद हापसे आहेत, आणि एकटीनं रात्र काढणाऱ्या सिस्टरही आहेत. पण जाण्याआधी डॉक्टरांकडून तब्येत नीट तपासून घ्या, लसी घ्या, आणि घरच्यांशी मृत्यूबद्दलसुद्धा स्पष्ट बोलून ठेवा. आपल्यानंतर ते काम पुढे कोण नेणार, हे ठरल्याशिवाय निघू नका. आणि सगळ्यांत आधी तिथल्या माणसांना विचारा, की त्यांना काय हवंय. त्यांनी माणूस मागितला तर जा. त्यांनी वायसर आणि पाने मागितले, तर तेवढेच पाठवा आणि पावती जपून ठेवा.